सोपानरावांचा स्वित्झर्लंड पाहणी दौरा

॥ श्री ॥

झुरिक,
१३ सप्टेंबर २०२५

सौ. गोजाबाई हिस सोपानचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद लिहिताना हात जरा अडखळला. शेहेचाळीस वर्षं संसार झाला, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. तुझं माहेर देहूला. तळवड्याहून तू तिकडे गेलीस की मी कार्ड आणायला जाईपर्यंत तूच परत यायचीस. तेव्हा मायना चुकला असेल तर सांभाळून घे.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर 'व्हय', 'बरं' आणि 'ठेवू का' यापुढे तुझी गाडी जात नाही. आणि मी फोनवर इतका ओरडतो की उद्धवराव खोली सोडून बाहेर जाऊन उभे राहतात. उद्धवराव म्हणजे दिघीचे लॉन्सवाले, माझ्या खोलीतले सोबती. तर मी कागदावर लिहायचं, त्यांनी मोबाइलवर फोटो काढून पिंटूला पाठवायचा आणि पिंटूनं ऑफिसात छापून तुझ्या हातात द्यायचा, असं ठरलंय. तूही असंच लिही. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मी आजवर कबूल केलेलं नव्हतं. ते आज झुरिकमधून करतो.

प्रवास ठीक झाला. पितृपक्षात लग्नं नसतात म्हणून आमच्यासारखे अठरा लॉन्स आणि कार्यालयवाले मोकळे, त्यामुळे विमानात निम्मं चाकण आणि निम्मी भोसरी होती. खरं तर यायचं होतं पिंटूला, मी नुसता सोबतीला अर्ज भरलेला. व्हिसावाल्यांनी एमबीए झालेल्या पोराला अडवलं आणि सातवी पास बापाला सोडलं. बिचाऱ्याचं तोंड विमानतळावर एवढंसं झालं होतं. त्यानं मला वही दिलीय आणि तीत तीन रकाने आखून दिलेत. खाणे, राहणे, खेळणे. इथे नवीन काय काय निघालंय ते बघून टिपायचं, म्हणजे आपल्या मळ्यावर रिसॉर्ट काढताना उपयोगी पडेल.

तर राहणे. आमचं हॉटेल म्हणजे जुना कारखाना आहे. पाडला नाही, रंगही दिला नाही. छताला क्रेनचा हूक तसाच लोंबतोय आणि खाली पांढऱ्या चादरी घातलेल्या खाटा. मी भोसरीच्या वर्कशॉपात दोन वर्षं काढलीत, त्यामुळे पडल्या पडल्या मला शिफ्ट चुकल्यासारखं वाटलं. पण मजा आहे. खाणे म्हणशील तर चीज वितळवून कढईत ठेवतात, काठीला पावाचा तुकडा टोचून त्यात बुडवायचा आणि खायचा. फार चविष्ट. कॉफी उत्तम. पाणी उत्तम. लोक फार सज्जन. असं काही आपल्याकडे झालं तर चाकणच्या कंपन्यांचे साहेब लोक रांगा लावतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गोळ्या वेळेवर घेतो आहे. स्वेटर घालतो आहे. तू तब्येतीला जप आणि सूनबाईला माझे आशीर्वाद सांग.

कळावे. लोभ आहेच, तो माझ्या पाठीमागे पातळ होऊ देऊ नये.

सोपान

॥ श्री ॥

तळवडे,
भाद्रपद वद्य अष्टमी, १४ सप्टेंबर

ती. रा. रा. सोपानराव यांचे चरणी गोजाबाईचा शि. सा. न. वि. वि.

सातवीत बाईंनी नवऱ्याला लिहायचा मायना शिकवला होता, तो इतक्या वर्षांनी कामी आला. चुकला असेल तर तुम्हीही सांभाळून घ्या.

पत्र पिंटूनं छापून आणलं आणि मी वाचत असताना समोरच बसून राहिला. मला वाटलं उत्तर घ्यायला थांबलाय, पण तो माझं तोंड बघत होता. मी तोंड काही हलू दिलं नाही.

आता एक विचारते. ताक जरासं आंबट झालं तर वाटी सरकवणारा माणूस वितळलेलं चीज चविष्ट म्हणतो, हे काय आहे? शेहेचाळीस वर्षांत तुम्ही माझ्या हातच्या कशालाही 'बरंय' याच्या पुढे गेला नाहीत. पुरणपोळीलासुद्धा 'बरीय'. आणि तिथे कॉफी उत्तम, पाणी उत्तम, लोक सज्जन! पाणी उत्तम म्हणजे काय हो? मला तर असं वाटलं की तुम्हाला कुणीतरी मागे उभं राहून सांगतंय.

दुसरं असं की घरातून निघून तुम्हाला तीन दिवस झाले. दोन पानी पत्रात मळ्याबद्दल एक अक्षर विचारलं नाहीत. घोसाळी लागली का, भेंडीवरचा मावा गेला का, काही नाही. तर न विचारता सांगते. घोसाळी लागली. मावा गेला. काल तळवडे चौकात पाटी घेऊन बसले तर आयटी पार्कच्या मुलींनी अर्ध्या तासात पाटी रिकामी केली. पिंटूची गाडी तेवढ्यात तिथून गेली. त्यानं काच वर केली. त्याला वाईट वाटतं, ते मला कळतं. लॉन्सच्या मालकाची आई चौकात घोसाळी विकते, हे त्याला चारचौघांत बरं दिसत नाही. पण मला तिथे बसायला आवडतं, त्याला मी काय करू.

वकिलाकडून कराराचे कागद आलेत. वर मोठ्या अक्षरात 'स्विस व्हिलेज' असं लिहिलंय आणि माझ्या सहीच्या जागी पेन्सिलनं फुली मारलीय. पितृपक्षात सही होत नाही असं मी सांगितलं, तेव्हा पिंटूनं घटस्थापनेचा दिवस धरलाय, बावीस तारीख. तोवर कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवलेत.

तुम्हाला ठाऊकच आहे, बाकी सगळी जमीन गेली तेव्हा मामंजींनी हा दीड एकर माझ्या नावावर केला. तुमच्या नाही, दिरांच्या नाही, सुनेच्या. त्यावरून तुम्ही त्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हता. मला तो मळा जिवापेक्षा प्यारा आहे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाही. पण पोराचं स्वप्नही मोडवत नाही. म्हणून असं ठरवलंय की तुम्ही तिथलं सगळं डोळ्यांनी बघून खरं काय ते लिहायचं, आणि तुम्ही जे लिहाल त्यावर मी सही करायची की नाही ते ठरवीन.

स्वेटर आतून घाला, वरून नाही. सूनबाई नमस्कार सांगते.

कृपालोभाची वाढ व्हावी, नुसत्या कौतुकाची नको.

गोजा

॥ श्री ॥

इंटरलाकेनच्या वरचं एक खेडं,
१६ सप्टेंबर

सौ. गोजाबाई हिस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र उद्धवरावांच्या मोबाइलवर आलं. त्यांनी ते आधी स्वतः वाचलं आणि मग संपूर्ण बसमध्ये मला ताकवाला म्हणून प्रसिद्ध केलं. आता सकाळच्या न्याहारीला अठरा जण मला विचारतात, सोपानराव, पाणी कसंय.

बरं, रकाने भरतो. खाणे. ल्युसर्न म्हणून तळ्याकाठी शहर आहे. तिथे नवंच एक हॉटेल निघालंय, त्यात मिट्ट काळोखात जेवायचं. दिवा नाही, मोबाइल बाहेर काढून ठेवायचा, वाढणारी माणसं आंधळी. ती बिनचूक वाढतात आणि डोळस गिऱ्हाइकं भेलकांडतात. आमच्यातले निम्मे लोक शाकाहारी, त्यामुळे प्रत्येक घासाला चौकशी. उद्धवरावांनी माझ्या ताटातलं सगळं खाल्लं आणि स्वतःच्या ताटाला हात न लावता वाढप कमी आहे म्हणून तक्रार केली. बाहेर आल्यावर त्यांच्या टोपीत वाटाणे निघाले. मी इतका हसलो की पोटात दुखायला लागलं.

खेळणे. डोंगरावर तारेच्या पाळण्यातून नेतात आणि वर लहान मुलं एका पायानं रेटत चालवतात तसली मोठी दोनचाकी देतात, बसायला जागा नाही, उभ्यानं उतारावर सोडायची. माझं वय विचारलं नाही, नुसतं ब्रेक कुठे आहे ते दाखवलं. गोजा, मी आलो खाली! पायजमा फडफडत होता, टोपी खिशात घातली होती, बाजूला गाई चरत होत्या आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मी मोठ्यानं ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. पंधराव्या वर्षी नांगर सोडून इंद्रायणीत उडी टाकायचो, तसं वाटलं. हे तुला पाठवायला उद्धवरावांनी फोटो काढलाय, त्यात मी अर्धाच आलोय.

राहणे. आज आम्ही चक्क गवतात झोपणार आहोत. हे नवं रिसॉर्ट म्हणजे एक जुना गोठा आहे. खाली गाई, वर माळ्यावर वाळलं गवत पसरलेलं आणि त्यावर गोधडीसारख्या पिशव्या. लोक मुद्दाम त्यासाठी येतात. सकाळी धार काढायची, पाहिजे तर वाफ्यातलं तण उपटायचं. हो, तण! आपण मजुरी देऊन जी निंदणी करून घेतो ती इथे पाहुणे हौसेनं करतात आणि फोटो काढतात. एक म्हातारी बाई आहे, तुझ्याएवढी असेल. ती कशिदा काढलेला जुन्या पद्धतीचा झगा घालून दहा ते पाच चुलीपाशी बसते आणि लोकांना चीज ढवळून दाखवते. हा गोठा पूर्वी तिचाच होता, आता कंपनीचा आहे आणि तिला पगार आहे. म्हणजे बघ, घरच्या घरी नोकरी, शेतीची दगदग नाही.

तर एकंदरीत सगळं चांगलं आहे. तू सही करायला हरकत नाही, असं माझं मत. परवा द्वादशी, दादांची तिथी. पिंटूला म्हणावं नीट लक्ष घालून सगळं कर, मी नाही म्हणून काही कमी पडू देऊ नको.

कळावे. राग असल्यास तो इकडे पाठवावा, लोभ तिकडेच ठेवावा.

सोपान

॥ श्री ॥

तळवडे,
द्वादशी, १८ सप्टेंबर, दुपारी

ती. रा. रा. सोपानराव यांस शि. सा. न. वि. वि.

तुमचा अर्धा फोटो पोचला. पिंटूनं मोठा करून दाखवला. एवढे दात काढून हसताना मी तुम्हाला लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. लग्नात तर तुम्ही माझ्याकडे बघतही नव्हता, पण ते असो.

आज मामंजींची तिथी झाली. झाली म्हणजे कशी झाली ते सांगते. सोळा माणसांचा स्वयंपाक सूनबाई आणि मी पहाटेपासून केला. खीर, वडे, आमसुलाची चटणी, मामंजींना आवडायची ती गवारीची भाजी मळ्यातलीच. गच्चीवर घास ठेवला आणि कावळाच येईना. समोरच्या टाकीवर चार बसलेले, बघताहेत, पण उतरत नाहीत. पाऊण तास झाला. खाली सोळा माणसं भुकेली. पिंटू हात जोडून उभा, पांढऱ्या कपड्यांत घामाघूम. सकाळपासून त्यानं पाण्याचा घोट घेतला नव्हता. म्हणाला, आजोबा, तुमच्या मळ्याचं नाव मी जगभर करीन, या. तरी नाही.

मग मी सगळ्यांना खाली पाठवलं. पोराच्या चेहऱ्याकडे बघवेना. आणि खरं सांगू का, तुमच्या त्या फोटोकडे बघून सकाळपासून माझ्या मनात चाललंच होतं. माणूस आयुष्यभर जमिनीपायी मान मोडून राबला, एक मुंबई पाहिली नाही, आणि डोंगरावरून गाडी सोडली तर असा हसतो. तुम्हाला तसलं काही आपल्या दारात हवं असेल तर मी आडवी का येऊ? भेंडी काय, बाजारातही मिळते. म्हणून मनातल्या मनात बोलले, मामंजी, पोराला नाराज करणार नाही, घटाच्या दिवशी सही करते. तोंडातून शब्द निघायचा अवकाश, टाकीवरचा एक खाली आला आणि वडा उचलून गेला.

खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गच्चीवरच बसून राहिले आणि मला रडू आलं. मला वाटलं होतं मामंजी माझ्या बाजूचे आहेत. त्या कावळ्याचा इतका राग आला की दुसरा वडा फेकून मारावासा वाटला. पण शब्द दिला तो दिला. पिंटूला सांगितलं, सोमवारी कागद आण. त्यानं माझे पाय धरले.

तुम्ही सांगितलंत म्हणून करते आहे. तुमचं लिहिणं खरं धरून करते आहे. एवढं ध्यानात असू द्या.

संध्याकाळी मळ्यात जाऊन दोडक्याच्या वेलाला दोरी बांधायची आहे. चार दिवसांसाठी बांधू की नको, असं झालंय.

लोभ असावा असं म्हणत नाही, तो इतकी वर्षं न म्हणता चालला आहे.

गोजा

॥ श्री ॥

डोंगरावरून उतरल्यावर, इंटरलाकेन,
१८ सप्टेंबर, संध्याकाळी

प्रिय गोजा,

मायना बदलला आहे. उद्धवराव वाचणार, पिंटू वाचणार, वाचू देत. पिंटू, तूही हे नीट वाच, यात तुझंही आहे. तिकडून आज पत्र आलेलं नाही, पण मला थांबता येत नाही म्हणून लिहितो.

आज दादांची तिथी. आम्हाला सकाळी दहा हजार फुटांवर नेलं. शिखरावर नवं उपाहारगृह बांधलंय, सगळ्या भिंती काचेच्या, बाहेर लाकडी सज्जा आणि चहूकडे बर्फ. मी बटाट्याचा कीस मागवला. अगदी आपला उपासाचा कीस, फक्त थालीपिठासारखा थापून भाजलेला, शेंगदाणे नाहीत. पहिला घास तोंडाशी नेला आणि दादा आठवले. घरी पानं मांडली असतील, आणि आपण इथे. तेवढ्यात सज्ज्याच्या कठड्यावर कावळे दिसले. खरेच कावळे, काळेभोर, फक्त चोच पिवळी आणि आकार जरा लहान. लोकांच्या ताटातून सरळ बटाटे पळवत होते. एका जपानी बाईच्या हातातला पाव नेला.

मी कागदी रुमालावर कीस काढून कठड्यावर ठेवला, टोपी घातली, हात जोडले. गोजा, एकही येईना! शेजारच्या टेबलावर झडप घालतात, माझ्या घासाकडे मान वाकडी करून बघतात आणि उडून जातात. हे पाहिल्यावर आपली सगळी मंडळी जमली. चाकणच्या एकानं दादांना सांगितलं की मी तंबाखू सोडतो. वास्तविक त्याचा आणि दादांचा काही संबंध नाही. वाढपी आला आणि पाटी दाखवली, पक्ष्यांना खायला घालू नये. उद्धवरावांनी त्याला बाजूला नेऊन आपल्या हिंदीत पितृपक्ष समजावला. तो काय समजला देव जाणे, पण टोपी काढून उभा राहिला.

मग उद्धवराव म्हणाले, रिसॉर्टचा शब्द द्या, त्यातच जीव अडकला असेल. मी म्हणालो, दादा, मळ्यावर झकास रिसॉर्ट बांधतो. कठड्यावर जेवढे होते तेवढे सगळे उडाले. खाली दरीत गेले, दिसेनासे झाले.

 ते का उडाले, ते मला ठाऊक होतं. गोठ्यातल्या त्या म्हातारीचं मी तुला लिहिलं ते अर्धंच होतं, पुढचं मागाहून कळलं. काल सकाळी आमच्या गाइडला मधे घालून मी तिला विचारलं होतं, तुमचं शेत कोणतं. ती झगा सावरत उठली, मला दारापर्यंत घेऊन गेली आणि आमची बस उभी होती तिकडे बोट केलं. सगळा गाड्यांचा तळ. म्हणाली, इथे कोबी व्हायचा. मग घड्याळ बघून परत चुलीपाशी जाऊन बसली, कारण दहा वाजले होते. मला ती तूच दिसलीस. नऊवारी नेसवून तुला आपल्याच मळ्याच्या तळावर भाकऱ्या थापायला बसवलीय आणि साहेब लोक फोटो काढताहेत. तरीही मी तुला सही कर म्हणून लिहिलेलं पत्र परत मागवलं नाही. विमानतळावर मी पिंटूला शब्द दिला होता की पत्रांतून तुझं मन वळवीन. म्हणून पाणीसुद्धा उत्तम होतं. मळ्याचं काही विचारलं नाही, कारण विचारायला तोंड नव्हतं.

मी टोपी काढून म्हणालो, दादा, गोजाच्या मळ्यात वीट पडू देणार नाही. थोडा वेळ काही नाही. मग दरीतून एकच वर आला, रुमालावर उतरला आणि सगळा कीस संपवून रुमालही घेऊन गेला. अठरा माणसं ओरडली. मी कठड्याला धरून लहान पोरासारखा रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दादांनी जमीन तुझ्या नावावर केली तेव्हा मला वाटलं होतं की त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. तो नव्हताच. आणि त्यांचं बरोबर होतं. तू सही करू नकोस. पिंटू, तुला दिलेला शब्द मी मोडतो आहे, रागाव माझ्यावर, आईवर नको. आणि मला कळव, दोडक्याच्या वेलाला दोरी बांधली का? भेंडीला पाणी कोण देतंय?

चीज मला आवडलं नाही. घशात चिकटतं.

तुझा
सोपान

॥ श्री ॥

तळवडे,
घटस्थापना, २२ सप्टेंबर

प्रिय सोपानराव,

आम्हालाही मायना बदलता येतो.

तुमचं अठरा तारखेचं पत्र मला आज सकाळी मिळालं. चार दिवस रोज पिंटूला विचारत होते, ह्यांचं काही आलं का. तो म्हणायचा, डोंगरात रेंज नसेल. मला वाटलं तुम्ही माझ्यावर रुसलात, सही करते म्हटलं तरी उत्तर नाही. मी पण मग विचारायचं सोडलं.

आज आंघोळ करून घटाची तयारी करत होते. पिंटू आला, पांढरे कपडे, कपाळाला गंध. वकिलाचे कागद पाटावर ठेवले आणि त्यावर तुमचं पत्र ठेवलं. म्हणाला, आई, आधी वरचं वाच. मग भिंतीला टेकून उभा राहिला.

वाचलं. कावळ्याचं वाचताना हसू आवरेना आणि त्या कोबीवाल्या बाईचं वाचताना अक्षर दिसेना. झाल्यावर त्याच्याकडे पाहिलं तर तो रडत होता. त्यानं गुरुवारी रात्रीच वाचलं होतं. माझा शब्द मिळाला होता, तुमचं पत्र त्याच्या फोनमध्ये होतं, सही होईपर्यंत नुसतं गप्प बसायचं होतं. म्हणाला, चार दिवस फोन हातात घेतला की आधी तेच पान उघडायचं. काल चौकातून जाताना तू पाटी घेऊन बसली होतीस, मी काच खाली केली, तू हसलीस, आणि मला गाडी पुढे नेता येईना. मला तर माझं ते हसणं आठवतही नाही. गिऱ्हाईक होतं समोर.

आता मामंजींचं काय करायचं ते मला कळेना. त्याच दिवशी मी इथे सही करते म्हणाले तर कावळा जेवला, तुम्ही तिथे वीट पडू देत नाही म्हणालात तर तिथलाही जेवला. मग आठवलं, मामंजी हयात असतानाही देहूला एका पंगतीत जेवून लगेच दुसऱ्या पंगतीत बसायचे आणि दोन्हीकडे तृप्त झालो म्हणायचे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मी तर शब्द दिलेला, पोराला नाराज करणार नाही म्हणून. तेव्हा सरळ त्यालाच विचारलं की बाबा, तू नाराज होशील का, खरं सांग. त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, आई, तुझ्या अंगात तो झगा मला सहन व्हायचा नाही. लॉन्सच्या मागे उतार पडून आहे, आप्पांना त्यांची ती डोंगरातली गाडी तिथे सोडू दे. आणि विचारलं, घटाला माती आणायची राहिलीय ना.

मी काही म्हणायच्या आत तो गेला. दरवर्षी माती मी आणते. वीस वर्षांत त्यानं मळ्यात पाय ठेवला तो वकिलाला जागा दाखवायला. आज पांढऱ्या विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल लावून आला, परडी भरून काळी माती आणली, आणि सांगत होता की दोडक्याची दोरी सैल झाली होती, ती घट्ट करून आलो.

माती ओली होती. पत्रावळीतून पाणी झिरपून देवघराची फरशी खराब होईल म्हणून मी खाली घालायला जुना पेपर शोधत होते. पिंटूनं पाटावरचा करार उचलला, उलगडला आणि तोच अंथरला. स्वतःच्या हातानं.  त्यावर पत्रावळ, पत्रावळीवर माती, मधे घट. गहू पेरायला मी त्यालाच सांगितलं. त्याला पेरणं कुठलं येतंय, मूठभर एकाच कोपऱ्यात टाकले आणि निम्मे कागदावर सांडले. माझ्या नावापुढे जिथे पेन्सिलची फुली होती, तिथेच सगळे दाणे जाऊन पडलेत. मी ते तिथेच राहू दिले आणि वर चिमूटभर माती टाकली.

तुम्ही परवा याल तेव्हा कोंब दिसायला लागले असतील. ताक ताजं लावून ठेवते.

लोभ असावा. असं लिहून पाहिलं, बरं वाटलं.

तुमची
गोजा